रांगेत सगळ्यांत मागे

पाध्ये मॅडम भित्र्या होत्या. हे मी त्यांच्या माघारी बोलते आहे असं नाही. त्या स्वतःच सांगायच्या, आपल्याला वांगं चालत नाही असं सांगावं तितक्या सहज. भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "अश्विनी ना तू? एक आधीच सांगून ठेवते. मी फार भित्री आहे. कुलूप लावताना मी तुला रोज पाच मिनिटं थांबवीन. कंटाळायचं नाही."

पाच मिनिटं कशाला, ते त्याच दिवशी कळलं. प्रकाशाचे प्रयोग करायची एक काळोखी खोली होती. मॅडम तिथला दिवा लावायच्या, प्रत्येक टेबलाखाली वाकून बघायच्या, पडद्यामागे हात फिरवायच्या. मी दारात उभी.

"कोण असणार आहे मॅडम इथे?"

"कोणी नाही. म्हणून तर बघून ठेवायचं."

छप्पन्न वर्षांच्या, बुटक्या, काटकुळ्या बाई. सुती साडी आणि खाली पांढरे पळायचे बूट. आयुष्यात कधी पळाल्या नव्हत्या, पण "वेळ आली तर चपलेने घात नको" म्हणायच्या. पिशवी गळ्यात आडवी, पदराच्या आत. गळ्यात आईची एक बारीक साखळी, तीही ब्लाऊजच्या आत ढकललेली. लग्न केलेलं नव्हतं. शहरात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. घरी पोचल्या की गुहागरच्या बहिणीला फोन लावून एकच शब्द बोलायच्या, "पोचले," आणि ठेवून द्यायच्या. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची ठरलेली, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. कानात वायरी घालून चालणारी मुलगी दिसली की त्या तिला हाक मारून थांबवायच्या. "काढ गो ते. डोळ्यांना मागचं दिसत नाही. मागचं बघायला कानच आहेत आपल्याला."

आमच्या विद्यापीठाचं आवार शहराबाहेर सड्यावर आहे. सगळा उघडा कातळ, पाऊस संपला की दोन महिने हिरवा, मग नुसता काळा-तांबडा आणि तापलेला. इमारती एकमेकींशी भांडून बसल्यासारख्या लांब लांब. मागच्या फाटकातून एसटीच्या थांब्याकडे एक पायवाट जाते. तिच्या एका अंगाला करवंदीच्या जाळ्या, दुसऱ्या अंगाला हापूसच्या बागेचा गडगा, म्हणजे चिऱ्यांची कोरडी रचलेली छातीएवढी भिंत. ही वाट पंधरा मिनिटांची. मोठ्या रस्त्याने वळसा घातला तर पाऊण तास. बहुतेक मुली लांबच्या गावांतून यायच्या. पावणेचारची एसटी चुकली की पुढची गाडी सव्वापाचला, आणि पुढे घरापर्यंत चालायचं ते काळोखातून. त्यामुळे भीती वाटो न वाटो, ती पायवाट कोणाला सुटत नव्हती.

रात्रीला सगळेच भितात. मॅडम भ्यायच्या दुपारला. "रात्री माणूस सावध असतो," त्या म्हणायच्या. "दुपारी तीनच्या सुमाराला बघ. वारा पडलेला, शिपाई डुलक्या घेतायत, ऊन असं की कोणी डोकं बाहेर काढत नाही. ओरडलं तर ऐकणार कोण, वानर?"

हे ऐकेपर्यंत मला त्या वाटेचं काही वाटत नव्हतं. मी सावर्ड्याजवळच्या खेड्यातली, रानातून शाळेत गेलेली. पण एकदा ऐकल्यावर मलाही ती दुपार दिसायला लागली. पाचोळा वाजला की मान वळायची. आपल्याच पावलांचा आवाज दोन माणसांचा वाटायचा.

एकदा आम्ही दोघी त्या वाटेने निघालो, तर पुढच्या वळणावर एक मोटरसायकल उभी आणि तिच्याजवळ दोन पुरुष. मॅडम थबकल्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, "मागे वळ. पळायचं नाही, काहीतरी विसरल्यासारखं वळायचं." आम्ही वळलो. भर उन्हात मोठ्या रस्त्याने वळसा घालून थांब्यावर पोचलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि एसटी गेलेली होती. दुसऱ्या दिवशी कळलं, ते दोघे पाण्याच्या लाइनीची मोजणी करायला आले होते आणि आमच्याच शिपायाचे, गुरवमामांचे, शेजारी होते. ते दोन बायकांची गोष्ट सांगून हसले, गुरवमामा हसले, मग सगळा विभाग हसला. मला लाजल्यासारखं झालं. मॅडम चहा पीत म्हणाल्या, "हसू देत. हसण्याने माझं मनगट मोडत नाही."

त्या वर्षी दिवाळीनंतर त्या वाटेवर खरोखरच चोऱ्या सुरू झाल्या. आधी रसायनशास्त्राच्या एका मुलीचा फोन हिसकावला. पंधरा दिवसांनी एका मुलाची लॅपटॉपची पिशवी. त्याने सोडली नाही म्हणून त्याला कातळावरून फरफटवलं, त्याचे दोन्ही गुडघे सोलले. मोटरसायकलवर दोघे होते, तोंडं झाकलेली, नंबराच्या पाटीला चिखल फासलेला. वेळ दुपारचीच.

सूचनाफलकावर कागद लागला, विद्यार्थ्यांनी मागील वाटेने एकट्याने ये-जा करू नये. मॅडमनी चष्मा वर करून तो पूर्ण वाचला. "चोरांनी काय करू नये ते लिहायचं राहिलंय," म्हणाल्या आणि तिथूनच कार्यालयात गेल्या. मला सोबतीला नेलं, कारण एकटीने कुलसचिव साहेबांच्या खोलीत जायलाही त्या भ्यायच्या. त्यांनी तीनच गोष्टी मागितल्या. करवंदीच्या जाळ्या वाटेपासून मागे छाटाव्यात, दुपारी एक माणूस वाटेवर उभा करावा, आणि शेवटचा तास दहा मिनिटं आधी सोडावा.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्या ज्येष्ठ माणसांनी अशी भीती पसरवू नये."

"पसरवत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "मला झालीय, ती सांगतेय."

एक समिती नेमली गेली. जाळ्या होत्या तिथेच राहिल्या.

मग मॅडमनी आपल्या परीने एक काम सुरू केलं. तीन पंचविसाला त्या विभागाच्या पायरीवर उभ्या राहायच्या. त्या वाटेने जाणाऱ्या मुली जमायच्या, कधी आठ, कधी वीस. साडेतीनला सगळी रांग निघायची. मॅडम रांगेत सगळ्यांत मागे. मी म्हटलं, "तुम्ही मध्ये चाला ना, तुम्हालाच तर जास्त भीती वाटते." त्या म्हणाल्या, "म्हणूनच मागे. ज्याला भीती वाटत नाही तो मागे वळून बघत नाही." चालताना त्यांचा हात माझ्या दंडावर असायचा. थांब्यावर पोचल्यावर मी बाही वर केली की त्यांच्या बोटांचे चार वळ दिसायचे. मुलींना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, मॅडम खमक्या आहेत.

तो शनिवार फेब्रुवारीतला. परीक्षेची सुट्टी लागल्यामुळे मुली नव्हत्या. आम्ही दोघीच निघालो. बागेत मोहोर सरून बारकी कैरी धरली होती आणि आतून राखणदार वानरांना हाकलायला पत्र्याचा डबा बडवत होता. अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी खाली बसले. मॅडम म्हणाल्या, "वळणापलीकडे कोणी नाही ना, बघून ठेवते," आणि पंचवीस-तीस पावलं पुढे गेल्या.

मोटरसायकल मागून आली. माझ्या अगदी जवळून गेली, तिचा गरम वारा माझ्या गालाला लागला. चालवणाऱ्याच्या डोक्यावर काळं हेल्मेट, मागच्याच्या तोंडाला रुमाल. मॅडम वळल्या. गाडी त्यांच्यापाशी थांबली, मागचा उतरला. त्याने आधी पिशवी ओढली. ती गळ्यात आडवी असल्यामुळे निघेना. मग त्याने त्यांना पिशवीसकट गरागरा फिरवलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांच्या तोंडातून नुसता उचकीसारखा आवाज येत होता. पट्टा तुटला, त्या कातळावर पडल्या. तो वाकला, गळ्यात हात घालून साखळी तोडली आणि गाडीवर बसला.

आणि मी? मी रानातून शाळेत गेलेली, सव्वीस वर्षांची धडधाकट मुलगी. मी गडग्यावर चढले, पलीकडे उडी टाकली आणि चिऱ्यांना पाठ लावून बसले. दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं. गाडीचा आवाज लांब जाऊन ऐकू येईनासा झाला, तरी मी उठले नाही.

धावत आला तो बागेचा राखणदार. बागांमध्ये हंगामापुरते नेपाळी येतात, त्यांतला एक. बुटका, चाळिशीचा. एका हातात कोयता, दुसऱ्यात पाण्याची बाटली. गडग्यावरून उतरून तो मॅडमपाशी बसला. "उठना नहीं, मॅडमजी. हाथ गया है," हे मला ऐकू आलं. तेव्हा मी बाहेर आले. त्याच वाटेने घरी निघालेले दोन प्राध्यापक आणि गुरवमामा फाटकाकडून धावत आले, तेव्हा त्यांना दिसलं ते असं: मॅडम खाली पडलेल्या, शुद्ध हरपत चाललेली, आणि त्यांच्या डोक्याशी कोयतेवाला माणूस.

"तू कुठे होतीस गो?" गुरवमामांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "मी गाडीमागे धावले."

एवढंच खोटं बोलायचं होतं मला. पण एका खोट्याने भागत नाही. धावलीस तर काय दिसलं? नंबर? नाही, नंबर नाही दिसला. माणसं? हो, माणसं दिसली. कशी होती? मागचा बुटका होता. तोंड? रुमाल सुटला होता जरासा. दोन दिवसांत आवारात सगळ्यांचं ठरूनच गेलं की बागेतल्या गुरख्याचंच काम असणार, नाहीतर तो इतक्या लवकर पोचला कसा? पोलिसांनी त्याला बोलावून बसवून ठेवलं. मला जबाबाला बोलावलं तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारलं, "हाच का मागे बसलेला?" राखणदार बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असाच होता. हाच असेल."

त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. मोटरसायकल वाजली की मी रस्ता सोडून जवळच्या दुकानात शिरायचे. पण त्याहून जास्त भीती वाटायची ती मॅडम शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागतील याची.

पाचव्या दिवशी त्या विभागात आल्या. डावा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, हनुवटीवर टाके, पदर पिनेने लावलेला. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अश्विनी, चल. ठाण्यात जायचंय."

रिक्षात त्या सगळा वेळ बाहेर बघत होत्या. एखादी मोटरसायकल बाजूने गेली की आत सरकायच्या. मारुती मंदिराचा चौक गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मी पडले ना, तेव्हा माझं तोंड तुझ्याच बाजूला होतं."

मी रिक्षाची दांडी घट्ट धरली.

"तू गडग्याआड गेलीस ते मला दिसलं. बरं वाटलं मला. म्हटलं, एक तरी सुटली." एक मोटरसायकल बाजूने गेली, त्या आत सरकल्या. "पण मग तुला त्याचं तोंड कसं दिसलं?"

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. गप्प हो म्हणाल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. उतरताना एवढंच म्हणाल्या, "आत तू सांगतेस की मी सांगू?"

मीच सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, शब्द तोंडातल्या तोंडात अडकत होते. साहेब चिडले आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. "पोरखेळ आहे का हा? एका माणसाला आम्ही इथे बसवून ठेवलंय तुमच्या सांगण्यावर."

मॅडम म्हणाल्या, "घाबरलेली पोर आहे साहेब. घाबरलेल्या माणसाला काहीही दिसतं. मला तर त्या दिवसापासून प्रत्येक गाडीवर तेच दोघे दिसतात. येताना रस्त्यात अकरा वेळा दिसले. म्हणून अकरा जणांना धरायला सांगू का तुम्हाला?"

"मग हा नाही म्हणता?"

"हा नाही. याने मला पाणी पाजलं. तो मागचा माझ्या तोंडाशी वाकला होता, त्याचे डोळे पाहिलेत मी. हा नाही."

"बघा मॅडम. हा नसेल तर आमच्याकडे दुसरं कोणी नाही. खरे चोर मोकळे आहेत, हे ध्यानात घ्या. तुम्हाला त्याच वाटेने जायचंय."

त्यांच्यापुढे चहा ठेवला होता. त्यांनी उजव्या हाताने कप उचलला आणि तो इतका थरथरला की अर्धा चहा बशीत सांडला. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ते ध्यानात आलंय म्हणून तर हात असा हलतोय. लिहून घ्या, हा नाही."

राखणदाराला सोडलं. निघताना मॅडमनी त्याला थांबवून नाव विचारलं. तोपर्यंत सगळे त्याला बहादूर म्हणत होते. त्याचं नाव टेकराज. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, मग नमस्कार केला. एका हाताचाच झाला तो, दुसरा गळ्यात अडकवलेला. मी मान वर करू शकले नाही. टेकराज मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

बागेच्या मालकाने त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. मॅडम मालकाकडे गेल्या. तो म्हणाला, "मला पटतंय हो मॅडम, पण माल झाडावर आहे, मला भानगड नको." टेकराज पुढे कुठल्या बागेत गेला की सरळ घरी परतला, ते कळलं नाही.

चोर सापडले नाहीत. साखळी सापडली नाही. कार्यालयाने मागच्या फाटकाला कुलूप घातलं, म्हणजे प्रश्न मिटला असं त्यांना वाटलं. मुलींना पाऊण तासाचा वळसा पडायला लागला आणि त्यांची एसटी चुकायला लागली. मॅडम पुन्हा कुलसचिव साहेबांच्या खोलीत गेल्या, या वेळी एकट्या. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. "चोर कुठूनही येतो. कुलूप मुलींना लागलंय," त्या म्हणत होत्या, आणि त्यांचा आवाज मध्येच चिरकत होता. महिनाभर त्या जात राहिल्या. शेवटी फाटक उघडलं, जाळ्या छाटल्या आणि दुपारच्या वेळेला एक रखवालदार वाटेवर उभा राहायला लागला.

प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात तीन पंचविसाला मॅडम पुन्हा पायरीवर उभ्या होत्या. मनगट वाकडंच जुळलं होतं. मुलींना वाटलं, बघा, मॅडम घाबरल्या नाहीत. मला माहीत होतं. पायरीवर येण्याआधी त्या प्रयोगशाळेच्या मोरीत जाऊन ओकायच्या. पाण्याने तोंड धुऊन बाहेर यायच्या आणि विचारायच्या, "निघायचं?" रोज. निवृत्त होईपर्यंतच्या दीड वर्षात एकही दिवस त्यांची भीती कमी झाली नाही. मी आता त्यांच्या शेजारी, रांगेच्या शेवटी चालायचे. त्या घटनेबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. एकदाच थांब्यावर त्या आपणहून म्हणाल्या, "पुढच्या वेळी पण गडग्याआडच जा हो. फक्त खरं सांग." मग एसटी आली.

निवृत्तीनंतर त्या गुहागरला बहिणीकडे राहायला गेल्या. सुरुवातीला फोन यायचे, मग कमी झाले.

गेल्या मे महिन्यात एका लग्नाहून परत येताना माझी गाडी चिपळूणच्या स्टँडवर थांबली होती. खिडकीतून बाहेर पाहिलं तर पलीकडे, गुहागरच्या गाड्या लागतात तिथे, मॅडम उभ्या होत्या. खूप वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. मी हाक मारणार तेवढ्यात एक मोटरसायकल त्यांच्यासमोर येऊन थांबली. दोन तरुण. उन्हाने दोघांनीही तोंडाला रुमाल गुंडाळलेले.

मॅडम एक पाऊल मागे सरल्या. त्यांचा हात गळ्याशी गेला. गर्दीत कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण पूर्वी साखळी असायची ती जागा मला एवढ्या लांबूनही ओळखता आली. मागच्याने काहीतरी विचारलं. मॅडम बोलेनात. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी रुमाल खाली ओढून. मग त्यांनी ते वाकडं मनगट वर केलं आणि रस्ता दाखवला. पुढे, मग डावीकडे, मग हाताची कमान करून पूल. नीट, सावकाश, विद्यार्थ्याला समजावून सांगावं तसं. पोरांनी माना हलवल्या आणि गाडी निघाली.

मॅडम बाकावर बसल्या. दोन्ही हात छातीशी धरून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. इकडे माझ्या गाडीच्या कंडक्टरने बेल मारली. मी जागेवरून उठले, पण दाराशी माणसं खचाखच चढत होती.

गाडी वळताना मागच्या काचेतून त्या मला शेवटच्या दिसल्या. बाकावरून उठून त्या पार रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या आणि टाचा उंचावून, ती पोरं बरोबर डावीकडे वळली का, ते बघत होत्या.